बारा लिटरची मुकी टाकी

११ एप्रिल, शनिवार. सकाळी साडेसात. जळगाव, आमची शेड. हजर: मी, आमचे फिटर युनूसभाई, गाडीचे मालक म्हणजे धुळ्याचे हेमंतभाऊ, त्यांच्या पत्नी वैशाली, आणि हेमंतभाऊंच्या मातोश्री, ज्यांना घरदार अक्का म्हणतं, वय अठ्ठ्याहत्तर. काम: कॅम्पर गाडीतल्या पाण्याच्या व्यवस्थेची दुसरी चाचणी. मार्ग: एरंडोल, पद्मालय आणि परत. टाकी पूर्ण भरलेली, नव्वद लिटर.

ही माझ्या वहीतली नोंद जशीच्या तशी. ‘दुसरी चाचणी’ हे दोन शब्द लिहिताना पेन जरा अडखळलं होतं. माझ्याकडून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत येत नाही, असा माझा लौकिक आहे. निदान तोवर होता.

आधी धंदा सांगते, कारण तो ऐकून लोक दोनदा विचारतात. आम्ही गाड्यांमध्ये पिण्याचं आणि वापरायचं पाणी बसवतो. शेडवर ‘गाडीतील पाणी व्यवस्था’ अशी पाटी आहे. ती वाचून महिन्याला एक तरी माणूस रेडिएटर गळतो म्हणून येतो. त्याला चौकातल्या गॅरेजचा पत्ता देतो. उरलेले आमचे.

मी मूळची ठिबकवाली. बावीस वर्षं एकच काम केलं: शेताचा नकाशा समोर घ्यायचा, विहीर कुठे, चढ किती, फिल्टर कुठे, आणि शेवटच्या झाडापर्यंत थेंब पोचतो की नाही याचा हिशेब मांडायचा. एकदा एका जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, माझ्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत हात धुवायला नळ देता येईल का? दिला. मग रक्त तपासणीची गाडी आली, मग दंतवैद्याची. नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडली, शेड घेतली आणि युनूसभाईंना बोलावलं. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. त्यांच्या हाताने घट्ट केलेला सांधा मी कधी परत तपासत नाही. तरी वहीत त्यापुढे खूण करते, ती वहीच्या समाधानासाठी.

गाडीत पाणी बसवणं कागदावर सोपं आहे. एक टाकी, पिण्याच्या पाण्यासाठी चालेल अशा प्लास्टिकची. ती भरायला बाहेरून झाकणाचं तोंड. टाकीला श्वास घ्यायला बारीक नळी. ती विसरलात तर भरताना पाणी तोंडावर उडतं आणि उपसताना टाकी चेपते. मग गाळणी, बारा व्होल्टचा पंप, फिल्टर, नळ. सगळ्यात खालच्या जागी टाकी रिकामी करायचा कॉक. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी. पंप असा की नळ उघडला की दाब उतरतो आणि तो आपोआप चालू होतो; नळ बंद केला की आपोआप थांबतो. एवढंच. पण घर जागेवर उभं असतं आणि गाडी हलते, वळते, आपटते. घरात महिन्याने गळेल तो सांधा गाडीत तासाभरात, पारोळ्याच्या आत गळतो.

पहिला धडा मला रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यांनी दिला. त्यांना सगळे आबा म्हणायचे. केळीच्या पॅकिंगच्या दिवसांत शेतावरच मुक्काम करता यावा म्हणून त्यांनी गाडी बांधून घेतली होती. म्हणाले, “ताई, टाकी वर. पाणी आपोआप खाली येतं, पंपाची कटकट नाही. घरावर काय खाली असते का टाकी?” मी वाद घातला, पण पुरेसा नाही. टपावर सत्तर लिटर चढवलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

“ताई, गिझर फुकटात दिला तुम्ही.”

“म्हणजे?”

“दुपारी नळाखाली चहाची पत्ती टाकली की चहा. आणि वळणावर गाडी अशी झुलते, की ड्रायव्हर देवाचं नाव घेतो.”

टाकी उतरवून खाली बसवून दिली, दोन चाकांच्या मधोमध, सतरंजीत गुंडाळून. त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नियम आहे: टाकी खाली. गाडी कोणाचीही असो.

आता हेमंतभाऊ. त्यांचं धुळ्यात सरकी-कापसाच्या यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांनी जुनी मोठी व्हॅन घेतली ती हौस म्हणून नव्हे. अक्कांना तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे रस्त्यावरच्या कुठल्याही शौचालयाचा त्यांना उपयोग नाही. आणि त्यांची थोरली बहीण रावेरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात अंथरुणाला खिळलेली. चार वर्षांत दोघींची भेट नाही. फोनवर थोरलीला ऐकू येत नाही म्हणून दोघीही ओरडतात आणि मग फोन ठेवून रडतात, असं वैशालीने सांगितलं. तर गाडीत एक पलंग, एक छोटी शेगडी आणि मागे उंच बैठकीच्या शौचालयाची छोटी मोरी करायची, पाणी मी बसवायचं, आणि अक्कांना बहिणीकडे न्यायचं, असा बेत.

मी माझ्या तीस प्रश्नांचा कागद घेऊन बसले. किती माणसं, किती दिवस, आंघोळ रोज की दिवसाआड, पाणी भरणार कुठे, वगैरे. हेमंतभाऊ आणि वैशालीने दोन तास उत्तरं दिली. पाच आठवड्यांत गाडी दिली. मी स्वतः सगळे नळ उघडून दाखवले. पंप जोरात घुमला. युनूसभाई खुशीत म्हणाले, “आवाज बघा ताई, एकदम दमदार!” मीही मान डोलावली.

सवयीसाठी म्हणून हेमंतभाऊंनी अक्कांना आधी दोंडाईच्याला एका लग्नाला नेलं. दोन दिवसांची फेरी. परत आल्यावर अक्का दारातच कोसळल्या. अंगात पाणीच नव्हतं. त्यांचं एक मूत्रपिंड बरंच निकामी आहे, हे मला तेव्हा कळलं. दवाखान्यात तीन दिवस सलाइन. डॉक्टरांनी हेमंतभाऊंना स्पष्ट सांगितलं, रोज तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. प्रवासात पीत नसतील तर प्रवास बंद. पुन्हा असं झालं तर दुसरंही जाईल.

हेमंतभाऊ गाडी घेऊन आले ते रागानेच. “ताई, तुमच्या टाकीच्या पाण्याला वास असेल. घरी पिते ती, गाडीत घोटभर घेत नाही.”

वास हा गुन्हा माझ्या धंद्यात मोठा. मी हाताशी होतं ते सगळं केलं. टाकीत ब्लीचिंग पावडरचं पाणी ठरलेल्या मापाने भरून तासन्‌तास ठेवलं, चारदा टाकी धुतली. खाण्याच्या सोड्याने पुन्हा धुतली. भरायची नळी बदलली, फिल्टरमध्ये कोळशाची कांडी घातली. शेवटी एरंडोलच्या बाजारातून माठ आणून त्याला लोखंडी कडं आणि रबरी बैठक करून पलंगाशेजारी घट्ट बसवला. त्याच्यावर तांब्या. माठाची व्यवस्था पाहून युनूसभाई म्हणाले, “ताई, इतनी सेवा तो मैंने अपने ससुर की भी नहीं की.”

आणि मग ती ११ एप्रिलची सकाळ.

निघताना मी तांब्या भरून अक्कांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

“पानी गोड शे वं. काही वास नही.”

“मग प्या ना, अक्का.”

“पिसू. घर उनं का पिसू.”

घर आलं की पिईन. तांब्या खाली ठेवला. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं: वास नाही. तरी पीत नाहीत.

एरंडोलपर्यंत तांब्या तसाच. पद्मालयाच्या फाट्यापाशी अक्का उठल्या. गाडी सावलीत थांबवली. त्या हळूहळू मागच्या मोरीत गेल्या, दार लावलं. नळ उघडला. पंप घुमला: घर्रर्र. पत्र्याच्या अंगातून तो आवाज सबंध गाडीत भरला. पुढच्या सीटवरून हेमंतभाऊ, मान न वळवता, अगदी मायेने मोठ्यांदा ओरडले, “माय, पानी उनं का बराबर?”

घर्रर्र थांबला. दोन मिनिटांनी अक्का बाहेर आल्या त्या कोणाकडे न बघता पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

मला तेव्हाही समजलं नाही. मी पंपाचा दाब तपासायला वाकले होते.

गणपतीच्या देवळापाशी पोचल्यावर हेमंतभाऊ आणि युनूसभाई दर्शनाला गेले. वैशाली नारळ घ्यायला उतरली. अक्का आणि मी गाडीतच. मी सरळ विचारलं, “अक्का, पाण्यात काय कमी आहे? मला सांगा, मी बदलते.”

“पानीमा काय कमी र्‍हाई?”

“मग?”

त्या कूस वळवून उठून बसल्या. मग पंपाच्या दिशेने हात केला. “तुना नळ चांगला शे, पन त्यानं तोंड मोठं शे. नळ सोडा का बठ्ठी गाडी बोंबलस. बठ्ठास्ले समजस, म्हतारी मोरीमा गयी. वरथीन पोऱ्या इचारस, पानी उनं का! काय सांगू त्याले? माले लाज वाटस. थोडं पेवानं, म्हंजे जावानं कामच नही.”

नळ सोडला की सगळ्या गाडीला कळतं, म्हणून कमी प्यायचं, म्हणजे जायची वेळच येत नाही.

मी वही मिटली. तीस प्रश्न, दोन तास, पाच आठवडे, चारदा धुलाई, एक माठ. आणि ज्या बाईसाठी ही गाडी बांधली, तिला एकटीला मी एक प्रश्न विचारला नव्हता. आवाज हा दोष आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. येणार कसं? आमच्याकडे मोटारीचा आवाज म्हणजे आनंदाची बातमी. वीज आली, विहिरीत पाणी आहे, पाइप भरला. बांधावर उभं राहून तो आवाज ऐकणारी शेकडो माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून मी त्या आवाजावर प्रेम करायला शिकले. तोच आवाज मी एका संकोची बाईच्या मोरीला जोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार असून शेड उघडली. आधी सोपं करून पाहिलं: पंपाखाली रबराच्या जाड चकत्या, दोन्ही बाजूंना लवचिक नळी, भोवती फोमची पेटी. अक्का मुक्कामाला जळगावातच होत्या, त्यांना बोलावून ऐकवलं. त्यांनी कान देऊन ऐकलं.

“आते बोंबलस नही,” त्या म्हणाल्या. “कन्हस.”

युनूसभाई जमिनीवर बसून हसले. पण म्हातारीचं बरोबर होतं. पंप कण्हत होता.

म्हणजे मोरीत पंपच नको. पंप नको तर पाणी वरून आलं पाहिजे. ज्या हाताने ‘टाकी खाली’ असं लिहिलं त्याच हाताने मी मोरीच्या छताखाली बारा लिटरची चपटी टाकी आखली. बारा लिटर म्हणजे बारा किलो. तेवढ्याने गाडी झुलत नाही, आणि ती आत, सावलीत. गाडी चालू असताना इंजिनाच्या आवाजात पंप लावून ती भरून घ्यायची. भरली की तरंगता गोळा तिचं तोंड बंद करतो. जास्तीचं पाणी झालंच तर एका नळीने खालच्या टाकीत परत. मग गाडी उभी राहिली की पंपाचं बटण बंद. वरचं पाणी आपल्या वजनाने उतरतं, कोणाला न सांगता.

दाब कमी पडेल, अशी शंका युनूसभाईंनी काढली. नळापासून टाकीपर्यंत उंची जेमतेम सव्वा मीटर. मी त्यांना म्हटलं, “सव्वा मीटर म्हणजे आमच्या ठिबकवाल्यांची श्रीमंती आहे.” एवढ्या उंचीवर मी अर्धा एकर भाजी भिजवलेली आहे. फक्त नळी जाड घ्यायची, वळणं कमी ठेवायची, नळ पूर्ण तोंडाचा लावायचा. हे काम मला येतं, आणि ते येतं हे सांगायला मी लाजत नाही.

तरी एक आवाज उरला. रिकाम्या बादलीत पडणाऱ्या धारेचा. तो अक्कांनीच काढून दाखवला आणि तोडही त्यांनीच सांगितली. “धार वरथीन कसाले पाडस? नळी लाव, बुडले टेकू दे.” नळाला हातभर मऊ नळी लावली, तिचं टोक बादलीच्या बुडाशी. धार बादलीत उतरते, पडत नाही. बावीस वर्षं मी थेंबांचे हिशेब मांडले, पण हे मला सुचलं नव्हतं.

सगळ्यात अवघड जोडणी होती हेमंतभाऊंच्या तोंडाची. त्यांना मी शेडच्या बाहेर नेलं.

“भाऊ, आई मागे गेली की तुम्ही काय विचारता?”

“पाणी आलं का विचारतो. काळजी वाटते हो.”

“विचारायचं नाही.”

“पण नाही आलं तर?”

“येईल. मी बसवलंय. तुम्ही गाडीतून उतरायचं, टायर बघायचे. चारही बघायचे. सावकाश.”

त्यांनी गाडीच्या टायरकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. “दोंडाईच्याला मी दर वेळी विचारलं, ताई,” एवढंच म्हणाले. त्यांना जितकं वाईट वाटलं तितकंच मला. त्या तीन दिवसांच्या सलाइनमध्ये आम्हा दोघांचा हात होता.

३ मे, रविवार. सकाळी दहा. हजर: तेच सगळे. धुळ्याहून निघालेली गाडी रावेरला जाताना शेडवर थांबली. वैशालीने डॉक्टरांच्या सांगण्यावरून कागदावर रेघा मारल्या होत्या. धुळ्यापासून इथवर अडीच तांबे. अक्कांनी तो कागद बघून तोंड वाकडं केलं, पण खुशीत होत्या. मी सवयीने वर चढून छोट्या टाकीच्या काचेच्या नळीवर पातळी बघितली. धुळ्याला बारा होतं. वाटेत पंप लावलाच नव्हता; आता सहा. सहा लिटर वापरलं गेलं होतं आणि गाडीतल्या कोणालाही ते कळलं नव्हतं. हा आकडा मी वहीत लिहिला नाही. काही मापं आपल्यापुरती ठेवावीत.

“टायर कसे आहेत?” मी हेमंतभाऊंना विचारलं.

“पाठ झाले,” ते म्हणाले. “डावा मागचा जरा झिजलाय.”

गाडीचं पाणी भरून होईपर्यंत अक्का शेडमध्ये खुर्चीवर बसल्या. हिशेब बघणारी रेखा तिथेच बसली होती, तिच्याशी बोलल्या, शेडभर नजर फिरवली. मग मला विचारलं, “आठे मोरी कोठे शे?”

“गाडीत जा ना अक्का, पाणी आहे वर.”

“मना साठे नही इचारस. तू कोठे जास?”

रेखाने वहीत मान घातली. खरं असं की पुरुष माणसं शेडमागच्या भिंतीपलीकडे जातात. मी दुपारी दोनला जेवायच्या निमित्ताने स्कूटरवर घरी जाते. रेखा दोन गल्ल्या सोडून मावशीकडे जाते, आणि मावशी गावाला गेली की जात नाही. नऊ वर्षं हे असंच चाललं आहे. कोणी कधी ठरवलं नाही, बोललं नाही.

अक्कांनी टेबलावरची माझी पाण्याची बाटली उचलून उजेडात धरली. सकाळी आठला भरलेली. गळ्यापर्यंत भरलेली.

“कितलं पानी पेस तू दिवसभरमा?”

मी हसून वेळ मारून नेली. त्या हसल्या नाहीत. बाटली माझ्या हातात दिली आणि मी दोन घोट घेईपर्यंत बघत राहिल्या. मग वैशालीच्या आधाराने गाडीत चढल्या.

संध्याकाळी वैशालीचा फोन आला. दोघी बहिणी भेटल्या. आधी रडल्या, मग अर्ध्या तासात जुन्या एका शेवयाच्या पाटावरून भांडल्या. थोरल्या बहिणीला चार जणांनी खाटेसकट गाडीपाशी आणलं, आणि अक्कांनी तिला नळ उघडून दाखवला. “आयकू येस का?” त्यांनी विचारलं. बहीण म्हणाली, नाही. आता तिला तसंही काही ऐकू येत नाही, पण वैशाली म्हणाली की अक्कांचा चेहरा बघण्यासारखा होता. एकंदर दिवसाचं पाणी तीन लिटरला थोडं कमी. डॉक्टरांना चालण्यासारखं.

माझ्या प्रश्नांच्या कागदावर आता एकतिसावा प्रश्न आहे: गाडीतल्या सगळ्यात वयस्क बाईशी, ती एकटी असताना, बोलणं झालं का? त्याला उत्तर आल्याशिवाय मी टाकीचं माप काढत नाही.

आणि वहीत एक पान आमच्या शेडच्या नावाने उघडलं आहे. इतक्या गाड्यांची पानं झाली, शेडचं हे पहिलंच. काम: मोरी. जागा: मागच्या भिंतीलगत, पूर्वेच्या कोपऱ्यात, आखून झाली. दार: लाकडी, आतून कडी, बनवून झालं, भिंतीला टेकवून ठेवलं आहे. टाकी: वर, पन्नास लिटर, आणली. नळ: पूर्ण तोंडाचा, त्याला मऊ नळी, युनूसभाईंनी जोडून ठेवला. खड्डा: गवंडी म्हणाला पावसात नको, माती ढासळते. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले. रेखाने कालही विचारलं. खड्डा बाकी.